पॉल क्रॅम्पेल

पॉल क्रॅम्पेल : लाल जिरेनियमचा जुना, नावाजलेला वाण. बागवान याला जिरेनियम म्हणतात. वनस्पतिशास्त्रात मात्र तो पेलार्गोनियम प्रजातीत मोडतो. लिनीअसने १७५३ मध्ये जिरेनियम व पेलार्गोनियम हे दोन्ही गट एकाच प्रजातीत घातले होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए याने १७८९ मध्ये ते वेगळे केले, पण तोवर जुने नाव बागांमध्ये रुळले होते आणि अजूनही ते हटलेले नाही.

फ्रान्समधील नान्सी येथील व्हिक्तॉर लेमुआन याच्या रोपवाटिकेतून हा वाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. नाव दिले ते नान्सीतच जन्मलेल्या पॉल क्रॅम्पेल (१८६४–९१) या प्रवाशाचे. काँगोकडून चाड सरोवर गाठण्याच्या मोहिमेत तो मारला गेला. आज त्याचे नाव घेतले जाते ते बहुधा या फुलामुळेच.

मूळ जाती दक्षिण आफ्रिकेतील, पे. झोनाले व पे. इनक्विनान्स यांच्या संकरातून या वाणाचा गट उभा राहिला. फुले एकेरी, पाच पाकळ्यांची, उंच देठावर गुच्छाने येणारी. रंग शेंदरी लाल, त्यात गुलाबी वा किरमिजी झाक नाही. लोकप्रियतेचे खरे कारण हेच : लांबूनही ताटवा एकसलग लाल दिसतो. या लालीमागच्या रंगद्रव्याला पेलार्गोनिडिन हे नावच या प्रजातीवरून पडले. पानावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा असतो आणि पान चुरगळले की उग्र वास येतो.

सार्वजनिक उद्यानांतील उन्हाळी वाफे आणि खिडकीतल्या कुंड्या यांसाठी ब्रिटनमध्ये लाल जिरेनियम ठरलेले. बकिंगहॅम राजवाड्यासमोरही ते लावतात. विल्यम रॉबिन्सनसारख्या उद्यानलेखकांनी अशा ठोकळेबाज ताटव्यांवर कडक टीका केली, तरी लाल जिरेनियम मागे पडले नाही.

बियांपासून मूळ गुण हमखास उतरत नाहीत, म्हणून छाटकलमच करावे. पेराखाली कापलेली फांदी थोडी सुकवून रेताड मातीत लावतात. ऊन भरपूर लागते, पाणी बेताचे. युरोपात हिमतुषारांपासून, तर आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात बुंधा कुजण्यापासून जपावे लागते.

महाराष्ट्रात सुगंधी तेलासाठी होणारी जिरेनियमची शेती वेगळ्या प्रकारच्या पेलार्गोनियमची आहे. त्याची फुले लहान व गुलाबी असतात आणि तेल पानांतून काढतात.