दिवाडीस केव्हा जावे?

दिवाडी बेटास कोणत्या दिवसांत जावे, असे डिचोली-पेडण्याकडील कोणी विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : पावसाळा सरू द्यावा, कार्तिक ते माघ या अवधीत जावे. उत्तर सोयीचे आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जूनच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोसळून जातो. तेव्हा नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पैलतीरी जाणाऱ्याने आभाळ निवळण्याची वाट पाहिली तर नवल नाही. परंतु या तीर्थाचा स्नानाचा दिवस आहे गोकुळाष्टमीचा, म्हणजे श्रावण वद्य अष्टमीचा. तो भर पावसात येतो. ज्यांचे सारे आयुष्य शेतीवर व होडीवर चालले, त्या आपल्या पूर्वजांस ऋतूचे भान नव्हते काय?

श्रीसप्तकोटीश्वर हे कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याचे मूळ देवालय दिवाडीवरील जुन्या नार्व्यात होते. बहामनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुनःस्थापना केली. 1510 मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि 1540 च्या सुमारास तेथील देवालयांवर घाला आला. पुढे भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूस आणले व त्या वस्तीसही नार्वे हेच नाव पडले. बेटावर कोटितीर्थाची पुष्करिणी तेवढी राहिली. जी नदी देवाच्या अंगणातून वाहत होती, ती दोन राज्यांमधील सीमा झाली. यात्रेकरू अलीकडच्या काठावर, ज्यास पंचगंगा म्हणतात त्या संगमावर, स्नान करून पैलतीराकडे पाहत राहिले.

आता अष्टमीचा विचार करू. मांडवी ही खाडी आहे. उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर नार्व्याच्याही वर आत शिरते. चैत्र-वैशाखात तेथे ओंजळ भरून घेतली तर ती मचूळ लागते. पावसाळ्यात सह्याद्रीचे पाणी इतक्या वेगाने उतरते की खारेपण पार मुखाकडे रेटले जाते व नार्व्याचा प्रवाह गोडा होतो. गंगा म्हणून ज्या पाण्यात उतरावयाचे, ते गोडे असण्याचे हेच दिवस. बेटावरचा खाजनकरीही याच नियमाने चालतो : पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाले, मानशीतून ते पाणी बाहेर गेले, की मगच तो कोरगुट पेरतो.

दुसरी गोष्ट तिथीची. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतील अंतर सर्वांत कमी. फुगलेल्या नदीत त्यावर उधाणाचा जोर नको, असे कोणीही नावाडी सांगेल. तिथी ठरविणाऱ्यांनी हे सर्व मोजून ठरविले, असा माझा दावा नाही. कृष्णजन्माची अष्टमी सर्व देशात आहेच. पण या घाटावर ती इतकी घट्ट रुजली, त्यात पाण्याचाही वाटा असावा, असे मला वाटते.

बांधकामाचा ऋतू मात्र निराळा. नार्व्याच्या देवालयाच्या शिलालेखात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कामास आरंभ झाल्याची तिथी आहे : शके 1590, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, इंग्रजी तारीख 13 नोव्हेंबर 1668. पाऊस ओसरला, चिरे वाळू लागले, वाटा मोकळ्या झाल्या आणि पाया घातला गेला. अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर 11 फेब्रुवारी 2023 रोजी देवालय पुन्हा खुले झाले, तेही कोरड्या दिवसांतच.

म्हणून बेट पाहावयाचे, कोटितीर्थाच्या पायऱ्या उतरावयाच्या, उन्हात भातशेतांतून हिंडावयाचे, तर कार्तिकानंतरच निघावे. पेडण्याकडील मंडळींस पूर्वी शापोरा नदीही होडीने ओलांडावी लागे. श्रावणात ही दुसरी नदी त्यांच्यासाठी पहिलीइतकीच कठीण असे, आणि तरीही ती निघत. आज पूल झाले आहेत. अष्टमीस येणाऱ्याने घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या जपून उतराव्यात, कमरेपलीकडे पाण्यात जाऊ नये, मुलांचा हात सोडू नये आणि वाऱ्या-पावसाने फेरीबोट थांबली तर सक्तीच्या मुक्कामाची तयारी ठेवावी. त्या दिवशी पैलतीर बहुधा पावसाच्या पडद्याआड असते.