उन्हाळी लागण्याचा इतिहास

मागच्या दिवाळीला गावी गेलो, तेव्हा आईच्या औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली. आमचं गाव धारूर तालुक्यातलं, मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. सवयीनं लॅपटॉप उघडला आणि एक शीट बनवली : तारीख, दवाखाना, औषध, किती दिवस. चौदा महिन्यांत अँटिबायोटिकचे सहा कोर्स. दवाखाने चार. लघवीचं कल्चर एकदाच, तेही पाचव्या कोर्सनंतर.

आई ५६ वर्षांची आहे. लघवीला आग, रात्रीत सात-आठ वेळा उठणं, ओटीपोटात कळ. गोळ्या घेतल्या की आठवड्यात बरं, दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. मला हे कळलं बहिणीकडून. आईला विचारलं, तर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला काय सांगावं भैय्या, बायकांचं असतंय असलं. उन्हाळी लागली व्हती, दुसरं काय."

शहरात वाढलेल्या मित्रांना हा शब्द सांगितला की ते उन्हाळा समजतात. आमच्याकडं उन्हाळी हा आजार आहे. ऊन बाधलं, अंगात उष्णता झाली, म्हणून लघवीला जळजळ. त्यावर धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा. हा शब्द अगदीच चुकीचा नाही. उन्हातान्हात काम करून पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, जळजळ होते, आणि मूत्राशय वेळेवर धुऊन निघत नाही. पण आईची उन्हाळी पौषातल्या थंडीतही लागत होती. म्हणजे ऊन हे कारण पुरेसं नव्हतं. मग खरं कारण कुणाला कधी कळलं, हे शोधत गेलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

जंतू सापडला, बाई सापडली नाही

आजार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघात आणि मूत्रकृच्छ्र अशी दोन वेगळी प्रकरणं आहेत. लघवी अडणं वेगळं आणि कष्टानं, वेदनेनं होणं वेगळं, हा फरक तेव्हाच केलेला आहे. गोखरू, म्हणजे आपल्या बांधावर पायाला टोचणारा सराटा, तेव्हापासून लघवीच्या औषधांत आहे.

जंतू सापडला १८८५ मध्ये. थिओडोर एशेरिक या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञानं तान्ह्या बाळांच्या विष्ठेत एक जिवाणू पाहिला. पुढं त्याच्याच नावावरून त्याला एशेरिकिया कोलाय म्हणू लागले. लघवीच्या जंतुसंसर्गात बहुतेक वेळा हाच ई. कोलाय असतो. तो आतड्यात राहतो, तिथं बहुधा निरुपद्रवी असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि गुदद्वाराच्या जवळ, त्यामुळं त्याला मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा पडतो. म्हणूनच हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. यात अस्वच्छपणाचा दोष शोधायचं कारण नाही, पण आपल्याकडं पहिला संशय तोच घेतात.

१९३०च्या दशकात सल्फा औषधं आली, १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन. १९५६ मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी आकडा मांडला : एक मिलिलिटर लघवीत एक लाखाच्या वर जंतू वाढले, तर तो नमुना घेताना लागलेला मळ नसून खरा संसर्ग समजावा. तुमच्या घरातल्या कुणाच्या कल्चर रिपोर्टवर आजही हा आकडा दिसेल. पुढं हेही स्पष्ट झालं की उतारवयातल्या कित्येक बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू असतात आणि त्यांना औषध द्यायची गरज नसते.

जंतू सापडला, मोजता आला, मारता आला. तो पुन्हा पुन्हा का येतो, हे मात्र या सगळ्यातून कळत नव्हतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. पाळी गेल्यावर तो का वाढतो, याचं उत्तर जंतूत नव्हतं, शरीरात होतं.

१९९३

पाळी चालू असते त्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळं योनीचं अस्तर जाड, ओलसर राहतं. त्यात ग्लायकोजेन साठतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू जगतात. दही लावणाऱ्या जंतूंचे हे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबट वातावरणात ई. कोलायला पाय रोवता येत नाहीत. थोडक्यात, वेशीवर राखणदार बसलेले असतात. पाळी जाते, इस्ट्रोजेन ओसरतं, अस्तर पातळ आणि कोरडं होतं, आम्लता जाते, राखणदार उपाशी मरतात. मूत्रमार्गाचं अस्तरही झिजतं. वेस मोकळी पडते.

इस्रायलचे राउल राझ आणि अमेरिकेचे वॉल्टर स्टॅम यांनी हे तपासून पाहिलं. पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ बायका घेतल्या. काहींना योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं मलम, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम. औषधी मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला ५.९ वेळा. राखणदार जंतूही परत आले. १९९३ मध्ये हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला.

तो वाचून मी पुन्हा माझी शीट पाहिली. १९९३ म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. चौदा महिन्यांच्या कागदांत त्या मलमाचं नाव कुठंच नव्हतं. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, एकाही कागदावर आईची पाळी कधी गेली, याची नोंद नव्हती. वय लिहिलं होतं, वजन लिहिलं होतं, बीपी लिहिलं होतं.

मधल्या काळात एक घोळही झाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरकांच्या गोळ्यांमुळं काही बायकांत स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. जगभर संप्रेरक या शब्दाचीच भीती बसली. गोळी सगळ्या शरीरात जाते, मलमाची मात्रा कमी असते आणि ते मुख्यतः जागेवर काम करतं, हा फरक त्या भीतीत हरवला. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं लागतं. पण अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, वारंवार संसर्ग होणाऱ्या अशा बायकांना योनीत वापरायचं इस्ट्रोजेन सुचवावं, असं स्पष्ट म्हटलं आहे.

फडातली बाई

आता मावशीबद्दल. ती आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी. लग्नानंतर वीस हंगाम तिनं ऊस तोडला.

१९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढं पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळानं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं आणखी मोठ्या संख्येनं त्यांच्या फडात नेली. दसरा-दिवाळीला निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस चुकला की खाडा. राहायला कोपी, संडास नाही, नहाणी नाही, पाणी लांबून आणायचं.

मावशी सांगते, "आडोसा नसायचा, म्हणून पाणीच पेयाचं नाही. अंधार पडूस्तोवर दाबून धरायचं." म्हणजे लघवी घट्ट, मूत्राशय भरलेलं, जंतूंना वाढायला निवांत वेळ. त्यात पाळीचे दिवस. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. दवाखान्यात गेल्यावर सांगितलं गेलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. ऑपरेशनला कर्ज काढलं, ते फेडायला पुन्हा फड.

मावशी एकटी नव्हती. २०१९ मध्ये बीडच्या या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक.

गर्भाशयासोबत दोन्ही बीजाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ती ठेवली तरी पाळीचं वय ओसरणं काही वर्षं अलीकडं येऊ शकतं. पन्नाशीत जी वेस मोकळी पडायची, ती तिशीत पडते. मावशीची बीजाशयं ठेवली की काढली, हे तिला माहीत नाही. कागद कोपीत भिजून गेले. तिला उन्हाळी पस्तिशीपासून लागते.

विचारलं की कळतं

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग निघाले. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगाचं लक्ष खेड्यातल्या बाईच्या बाळंतपणावर आणि कुटुंबनियोजनावर होतं. मूल होण्या-न होण्यापलीकडं तिला काय दुखतं, हे घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा दिसलं.

२०११ मध्ये मुंबईत राइट टू पी ही मोहीम उभी राहिली : पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, तेही असल्या तर, हे का? पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या वतीनं याचिका झाली आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. महापालिकांना. ऊसाचा फड कुठल्याच महापालिकेत येत नाही.

न विचारण्याची किंमत फक्त आई-मावशीच मोजत नाहीत. अर्धवट, पुन्हा पुन्हा घेतलेल्या अँटिबायोटिकनं जंतू निर्ढावतात. एनडीएम-१ हे कुप्रसिद्ध एन्झाइम, ज्याच्यामुळं जंतू शेवटच्या फळीतल्या औषधांनाही दाद देत नाहीत, पहिल्यांदा ओळखलं गेलं ते भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या जंतूत, २००८ मध्ये.

दिवाळीनंतर आईला अंबाजोगाईला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं नेलं. मी बाहेर बाकावर बसलो, बहीण आत गेली. त्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला तो मला बाहेर ऐकू आला : "पाळी जाऊन किती वर्षं झाली?" आईनं आठवून सांगितलं, "सात."

मलम सुरू झालं. प्रत्येक वेळी कल्चरशिवाय गोळ्या नाहीत, हेही ठरलं. तांब्याभर पाणी आता शेतात सोबत असतं. आठ महिन्यांत उन्हाळी एकदाच लागली. शीटमध्ये मी एक नवा रकाना वाढवला आहे, पाळी कधी गेली. पहिल्या ओळीत आई आहे. दुसऱ्या ओळीत मावशी. तिच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या महिन्यात तिला सोनोग्राफीला नेणार आहोत, बीजाशयं आहेत की नाहीत बघायला. आधी ती नको म्हणत होती. आईनंच तिला फोनवर समजावलं. मी शेजारच्याच खोलीत होतो, आणि या वेळी आईनं आवाज बारीक केला नाही.