हिरवळीवरील पिवळे डाग : कारणे आणि उपाय

छत्रपती संभाजीनगरमध्ये बंगल्यासमोरची हिरवळ राखणे सोपे नाही. वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात; आणि नळाचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून आणलेले. अशा कष्टाने वाढवलेल्या हिरवळीवर पाळीव कुत्रा रोज लघवी करू लागला, की थोड्याच दिवसांत वाळलेले गोल डाग दिसू लागतात.

मूत्रातील युरिया व क्षार हे याचे कारण होय. युरियातून मिळणारे नत्र गवताला पोषकच असते. मात्र एकाच जागी त्याची मात्रा अधिक झाली, की गवत करपते. डागाच्या कडेला हे प्रमाण सौम्य असल्याने तेथे गर्द हिरवे कडे उमटते. डागातील गवत ओढून पाहावे. ते सहज उपटून आले, तर मुळे कुरतडणाऱ्या हुमणीचा संशय घ्यावा.

मादीचे मूत्र अधिक तीव्र असते, हा गैरसमज आहे. ती बसून एकाच जागी मूत्र सोडते, इतकेच.

कुत्र्याने लघवी करताच त्या जागी दोन-तीन तांबे पाणी ओतणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. काही तास उलटल्यावर त्याचा उपयोग कमी होत जातो. तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे वापरू नये. चुना किंवा खाण्याचा सोडा टाकणे टाळावे. काळी जमीन मुळातच विम्लधर्मी असते आणि सोड्यामुळे क्षारांत भरच पडते. डाग पडलेल्या जागी युरिया खतही देऊ नये.

करपलेले गवत खरडून, माती भरपूर पाण्याने भिजवून निचरा होऊ द्यावा. नंतर शेणखत मिसळून गवताचे ठोंब लावावेत. हरळी धावत्या खोडांनी पसरत असल्याने लहान डाग आपोआप भरून येतात.

पाणीटंचाईच्या दिवसांत मात्र डाग धुण्यापेक्षा तो पडू न देणे शहाणपणाचे. अंगणाच्या कोपऱ्यात वाळू किंवा मुरूम पसरून कुत्र्याला तेथेच जाण्याची सवय लावावी. मूत्र बदलण्यासाठी मिळणाऱ्या गोळ्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नयेत. कुत्र्याचे पिण्याचे पाणी तर कधीच कमी करू नये. त्याने मूत्र अधिक तीव्र होते आणि जनावराच्या प्रकृतीलाही अपाय होतो.