घाटमाथ्याची वाट आणि कल्याणची खाडी

पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याचें ठाणें जें घोडेगांव, तें घोड नदीच्या कांठीं वसलेलें आहे. ही नदी सह्याद्रीच्या माथ्यावर आहुप्याच्या बाजूस उगम पावते, आतां डिंभ्याच्या धरणांत कांहीं काळ थांबते, घोडेगांवावरून पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते, आणि तिचें पाणी शेवटीं कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरांत पडतें. पश्चिमेचा समुद्र त्या मानानें अगदीं जवळ. पण नदीनें त्याच्याकडे पाठ फिरविली आहे. मनुष्याचा व्यवहार मात्र नदीच्या मागोमाग जातोच असें नाहीं. घाटमाथ्यावरील बाजारांत जें मीठ येई, जी सुकी मासळी व जे नारळ येत, ते पूर्वेकडून नव्हेत, तर पश्चिमेकडून, घाट चढून येत. पाणी एका समुद्राकडे आणि बाजार दुसऱ्या समुद्राकडे, अशी या मुलुखाची मोठी मौजेची रचना आहे.

घोड कांहीं शिडाची नदी नव्हे. पावसाळ्यांत ती दुथडी भरून वाहते आणि धरण होण्यापूर्वी उन्हाळ्यांत ती सहज पायीं ओलांडतां येई. म्हणून घोडेगांव व जुन्नर या प्रांतांचा जलप्रवासाशीं काय संबंध होता, हें पहावयाचें असेल तर घाट उतरून खालीं कोंकणांत, उल्हास नदीच्या कांठीं कल्याण शहरीं जावें लागतें. भरवस्तींतून वाहणाऱ्या नदींत शिडाच्या होडींतून थोडा वेळ फिरून येणें ही आज हौसेची गोष्ट झाली आहे. एके काळीं कल्याणास हा हौसेचा प्रश्न नव्हता. त्या शिडावर शहराचें पोट होतें, आणि घाटमाथ्याचेंहि कांहीं अंशीं होतें.

घाटमाथ्यावरून कल्याणकडे उतरणाऱ्या वाटा अनेक. आहुप्याची वाट घोडेगांवच्या पश्चिमेस, ती मुरबाडच्या मुलुखांत उतरते. ती मुख्यतः पायवाट. थोरला मार्ग म्हणजे जुन्नरचा नाणेघाट. कडा फोडून काढलेल्या या वाटेच्या तोंडाशीं जें लेणें आहे, त्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील मानतात. त्यांत यज्ञांची व दक्षिणेची नोंद असून दिलेल्या गाईंच्या व नाण्यांच्या संख्या अंकांनीं लिहिल्या आहेत. भारतांतील अंकलेखनाच्या प्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते. जवळच एक प्रचंड दगडी रांजण आहे. घाट चढणाऱ्यानें जकातीचें नाणें त्यांत टाकावयाचें, अशी लोकांची समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, राजघराण्यानें आपल्या यज्ञांची कीर्ति एका घाटाच्या तोंडाशीं कोरून ठेवावी, यावरूनच त्या वाटेवर किती वर्दळ असली पाहिजे, हें ध्यानांत येतें.

या वाटेनें उतरलेला लमाणांचा तांडा कल्याणास येऊन थांबे, तो कां? याचें उत्तर भरती-ओहोटींत आहे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते व सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करून समुद्रास मिळते. कल्याणच्या आसपास तिला काळू व भातसा या नद्यांचें पाणी येऊन मिळतें आणि तेथून खालीं तिचें रूपच पालटतें. नदीची खाडी होते. समुद्राची भरती आंत शिरून दिवसांतून दोनदां पाणी चढतें व दोनदां उतरतें. पुढें ठाण्याजवळ पाण्यास दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेस ठाण्याच्या खाडीनें मुंबई बंदराकडे जाते. दुसरी घोडबंदरावरून वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. याच दोन वाटांमुळें साष्टी हें बेट झालें. मालानें भरलेलें गलबत समुद्रापासून जितकें आंत आणतां येईल तितकें आणावयाचें, आणि बैलाची चाल जितकी वांचवितां येईल तितकी वांचवावयाची, हा जुन्या व्यापाराचा साधा हिशेब. तो हिशेब ज्या ठिकाणीं जुळे, तें ठिकाण म्हणजे कल्याण.

हा हिशेब फार जुना आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें पुनःपुन्हा येतात. जुन्नरच्या लेण्यांतहि कल्याणच्या सोनाराच्या दानाचा उल्लेख आहे, आणि तेथेंच यवन म्हणविणाऱ्या दात्यांचेहि लेख आहेत. परदेशीं माणसें समुद्रापासून इतक्या दूर, घाटावर येऊन दान देत होतीं, तीं आलीं कशीं, हा प्रश्न कल्याणची खाडी पाहिली म्हणजे उरत नाहीं. सहाव्या शतकांत कॉस्मस या ग्रीक लेखकानें कल्याणची गणना हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारपेठांत केली असून तेथून पितळ, शिसवी लांकूड व कापड बाहेर जात असे, असें लिहून ठेवलें आहे. इराणांतून नेमलेला एक ख्रिस्ती धर्माधिकारी तेथें राहत असे, असेंहि तो सांगतो. खाडीच्या कांठचें शहर किती प्रकारच्या माणसांनीं गजबजलें होतें, याची कल्पना येण्यास एवढें पुरे आहे.

परंतु कल्याणच्या इतिहासांत वैभवाइतकीच दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ‘पेरिप्लस’ या नांवाचें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासपुस्तक म्हणतें कीं, पूर्वीच्या एका राजाच्या काळीं कल्याण ही रीतसर मान्यता असलेली पेठ होती. पण पुढें सत्ता पालटली, अडथळे आले, आणि चुकून तेथें शिरणाऱ्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येऊं लागलें. म्हणजे खाडी होती तशीच होती, भरती वेळेवर येत होती, नाणेघाटहि जागच्या जागीं होता. केवळ राजाज्ञेनें पाण्याची वाट बंद झाली. कल्याणची वाट बंद झाल्याचा हा पहिला लेखी दाखला होय.

दुसरा दाखला शिवाजीमहाराजांच्या काळांतला आहे. २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं कल्याण-भिवंडी महाराजांच्या हातीं आली. खाडीवर नजर ठेवणारा दुर्गाडीचा किल्ला कल्याणास उभा राहिला आणि याच परिसरांत मराठ्यांच्या आरमाराचा पाया घातला गेला. घाटावरच्या मुलुखांत जन्मलेल्या, डोंगरी किल्ल्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या राज्यानें समुद्राचा विचार सुरू केला तो एका नदीच्या कांठीं, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. पोर्तुगीजांच्या मात्र ती तत्काळ ध्यानांत आली. १६५९ मध्यें गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं पोर्तुगालच्या राजास कळविलें कीं, शहाजीच्या पुत्रानें कल्याण, भिवंडी व पनवेल येथें लढाऊ जहाजें बांधलीं आहेत आणि तीं बाहेर पडूं देऊं नयेत, अशी ताकीद दिली आहे. कल्याणहून समुद्राकडे जाणाऱ्या एका वाटेच्या तोंडाशीं वसई आणि दुसरीवर ठाणें, आणि दोन्हीं ठिकाणीं पोर्तुगीज निशाण. अशा स्थितींत कल्याणच्या धक्क्यावर जहाज बांधणें आणि तें समुद्रांत नेणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी होत्या. पुढें १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां कुठें या खाडीचीं दोन्हीं तोंडें मोकळीं झालीं. तें सुखहि दीर्घकाळ टिकलें नाहीं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

राज्यें अशीं पालटत असतां खाडींतील रोजचा प्रवास कसा चाले, तें पाहणेंहि बोधप्रद आहे. कल्याणहून ठाण्यास जाणें हा थोड्या पल्ल्याचा प्रवास. पण त्याची वेळ प्रवाशानें ठरवावयाची नसे, तांडेलानें ठरवावयाची असे, आणि तांडेल ती चंद्रावरून ठरवी. पौर्णिमा-अमावास्येस उधाणाची भरती, तेव्हां भरलेला पडाव कल्याणच्या धक्क्यापर्यंत बिनधोक चढे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हां पाणी थोडें व गाळाची भीति अधिक. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटे. त्याच वेळीं ओहोटी लागलेली असली म्हणजे शीड उभारून होडी सोडावयाची. वारा व पाणी दोन्हीं एकाच दिशेस ओढीत. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येई. त्यास भरतीची जोड मिळाली कीं परतीची वाट तशीच सुकर होई. डोंगराच्या आडोशानें वारा पडला कीं खलाशी वल्हीं हातीं घेत, आणि उथळ पाण्यांत लांब बांबूनें होडी रेटीत.

अशा होडींतून जाणाऱ्यास शहर जसें दिसे, तसें रस्त्यावरून कधींच दिसत नसे. डोक्यावर दुर्गाडीचा बुरूज, खालीं धक्क्यावर भाताचीं व मिठाचीं पोतीं. पुढें खारफुटीची हिरवी भिंत, मुंब्र्याकडे पारसिकचा डोंगर, आणि मग ठाण्याचा किल्ला. शहराचें तोंड नदीकडे होतें. जो माणूस पाण्यावरून येई, तो शहराच्या पुढच्या दारानें आंत शिरे.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या मनाईनें नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. पुढें १८६३ मध्यें बोरघाटांतून आणि १८६५ मध्यें थळघाटांतून रूळ घाटमाथ्यावर गेले. कल्याण या दोन लोहमार्गांचा नाका झालें, म्हणजे शहर बुडालें नाहीं, उलट वाढलें. परंतु त्या दोन घाटांच्या मधल्या वाटा, नाणेघाट व आहुप्याची वाट, बाजूस पडल्या. जुन्नर, घोडेगांव या बाजूचा माल पश्चिमेस उतरावयाचें सोडून गाड्यांवर लादून तळेगांव-पुण्याच्या स्टेशनांकडे जाऊं लागला. जें काम सह्याद्रीच्या उतारानें नदीस करावयास लावलें होतें, तेंच जणूं आतां लोखंडी रुळांनीं बाजारास करावयास लावलें: घोडेगांवची पाठ कोंकणाकडे झाली.

शिडें लगेच नाहींशीं झालीं नाहींत. रेती, विटा, कौलें, मीठ, लांकूड असा जड व स्वस्त माल आगगाडीच्या भाड्यास परवडत नसे. तो दीर्घकाळ पडावांतूनच फिरला. कल्याण, डोंबिवली, मुंब्रा येथील रेतीबंदर हें नांव त्या व्यवहाराची खूण आहे. पुढें यंत्राच्या होड्या आल्या, मग रस्ते व मालमोटारी आल्या, आणि डोलकाठी दिसेनाशी झाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळील छावणी १९४९ मध्यें शहर झाली व तिला नदीवरूनच उल्हासनगर हें नांव मिळालें. निराधार झालेल्या लोकांनीं तेथें आपल्या हिंमतीवर संसार व कारखाने उभे केले, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु खोऱ्यांत वाढलेल्या सगळ्याच शहरांचें सांडपाणी व कारखान्यांचें पाणी सामावून घेण्याचा भार उल्हासवर पडला. ज्या नदीकडे शहराचें पुढचें दार होतें, तिच्याकडे आतां मोरीचें तोंड आलें.

कल्याणची पाण्याची वाट अशी तीनदां बंद झाली. पहिल्यानें राजाज्ञेनें, दुसऱ्यानें परक्या किल्ल्यांच्या तोफांनीं, आणि तिसऱ्यानें उपेक्षेनें. पहिल्या दोन वेळीं वाट अडविणारा कोण, हें ठाऊक होतें. त्याच्याशीं लढतां येत होतें, आणि चिमाजी अप्पांच्या फौजेनें लढूनच ती मोकळी केली. उपेक्षेशीं लढण्यास शत्रु समोर दिसत नाहीं, म्हणून तें काम अधिक कठीण आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा मार्ग, वसईची खाडी व उल्हास नदी यांसह, त्रेपन्नाव्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला आहे. त्याची लांबी १४५ किलोमीटर धरलेली आहे. आगगाडीच्या दारांत लोंबकळत मुंबईस जाणाऱ्या लोकांना हें नवें वाटेल. पण कायद्यानें जें जाहीर केलें, तें कान्हेरीच्या व जुन्नरच्या दात्यांना ठाऊकच होतें. पाण्याच्या वाटेस धक्के व होड्या लागतात, तशी ती वाट आपली आहे असें मानणारीं माणसेंहि लागतात. भरती अजून दिवसांतून दोनदां दुर्गाडीच्या पायथ्याशीं येते, पहांटेचा मतलई वारा अजून सुटतो. नदीनें आपल्याकडून कसूर केलेली नाहीं. शहरानें आपलें तोंड पुन्हा तिच्याकडे वळवावें, एवढेंच काम माणसांकडे उरलें आहे.