डिस्कचा सातबारा

आज एका वाटणीची गोष्ट सांगतो. जमिनीच्या नव्हे, हार्ड डिस्कच्या. एकाच डिस्कवर विंडोज राहावी आणि शेजारी लिनक्सही नांदावी, म्हणून जी वाटणी करतात तिची. मी ती पहिल्यांदा केली एन्नोरला, 1999 साली, आणि त्या रात्री माझ्या हातून जे गेलं ते परत मिळालं नाही.

एन्नोर म्हणजे चेन्नईचं उत्तर टोक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कोसस्थलैयार नदीची खाडी, मध्ये कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. मी मूळचा बेळगावचा. नोकरीसाठी तिथं गेलो आणि एका अम्मांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिलो.

आता थोडं मागं जाऊ. वाटणीची ही सोय लिनक्ससाठी झाली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मार्च 1983 मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी हा संगणक आला. त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज तेवढ्यात मोबाइलचे चार फोटोही मावणार नाहीत, पण तेव्हा ती जागा इतकी मोठी वाटली की एका प्रणालीनं सगळी अडवू नये असा विचार झाला. डॉसच्या शेजारी सीपी/एम-86 सारखी दुसरी प्रणालीही राहू शकावी, म्हणून डॉस 2.0 सोबत ‘एफडिस्क’ नावाचा प्रोग्रॅम दिला गेला.

त्याची रचना आपल्या सातबाऱ्यासारखी आहे. डिस्कचा अगदी पहिला तुकडा 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे. पुढचे 64 बाइट म्हणजे वाटणीची नोंद: चार ओळी, प्रत्येकी 16 बाइट. हिस्सा कुठून सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यावरून संगणक सुरू करायचा की नाही. शेवटचे दोन बाइट म्हणजे खालचा शिक्का. चारपेक्षा जास्त हिस्से हवे असतील तर एका हिश्शाच्या पोटात आणखी हिस्से पाडायचे. एवढ्यावर जगातले पीसी जवळजवळ तीस वर्षं चालले.

लिनक्सचा जन्मही अशाच वाटून घेतलेल्या डिस्कवर झाला. लिनस टोरवाल्ड्सनं जानेवारी 1991 मध्ये 386 संगणक घेतला. त्यावर डॉस होतं, खेळ खेळायला. आणि शेजारच्या हिश्शात मिनिक्स. विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमवरून फोन लावायचा होता, तर चुकून ती आज्ञा मोडेमऐवजी हार्ड डिस्कवर लिहिली गेली आणि मिनिक्सचा हिस्सा निकामी झाला. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी त्यानं स्वतःच्याच प्रणालीवर मुक्काम हलवला. हे त्यानंच पुढं सांगितलंय. मला हा किस्सा वाचून फार बरं वाटलं होतं. का, ते सांगतो.

भारतात त्या काळी लिनक्स इंटरनेटवरून उतरवून घेणं अवघडच. ते आलं मासिकाच्या पाकिटातून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकानं 1996 पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागं होते अतुल चिटणीस, बर्लिनमध्ये जन्मलेले आणि आमच्या बेळगावात शिकलेले. गावच्या माणसानं पाठवलेली वस्तू, मग न वापरून कसं चालेल!

तर 1999. माझी डिस्क 4 गिगाबाइटची आणि सगळी विंडोजच्या नावावर. लिनक्सला जागा द्यायची म्हणजे विंडोजचा हिस्सा आखडायचा. इथं एक गोष्ट समजून घ्या. नुसती नोंद बदलायला क्षण लागतो. पण हिस्सा लहान करताना शेवटाकडं पसरलेली माहिती आधी उचलून पुढच्या बाजूला आणावी लागते. त्याला तेव्हा तासन् तास लागायचे. या काळात वीज गेली की माहिती धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

रात्री नऊला मी काम सुरू केलं. साडेदहाला खाली अम्मांनी इडलीचं पीठ वाटायला ग्राइंडर लावला, कोणीतरी इस्त्री लावली आणि घराचा फ्यूज उडाला. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे दिवे लखलखताना दिसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या डिस्कवर आप्पांच्या आठवणी होत्या. आदल्या दिवाळीत ते एन्नोरला आले होते. ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. चाळीसेक पानं. फ्लॉपीवर प्रत काढायची राहून गेली होती. पुढं फोनवर त्यांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण सहा-सात पानांनंतर म्हणाले, “एकदा सांगितलं ना रे.” 2001 मध्ये ते गेले.

चूक माझी होती. लिनक्सची नव्हे, ग्राइंडरची तर नव्हेच.

आता बारा-तेरा वर्षं पुढं या. तमिळनाडू सरकारची एल्कॉट ही संस्था सी. उमाशंकर यांच्या कारकिर्दीत लिनक्सकडं वळली होती. 2007 मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली बाहेर पडली. सी-डॅक म्हणजे पुण्याची तीच संस्था. बॉसमध्ये तमिळ, मराठी अशा आपल्या भाषांची सोय होती. आणि 15 सप्टेंबर 2011 ला जयललितांनी विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली, ती तिरुवल्लूर जिल्ह्यातून. एन्नोर तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. (2018 मध्ये ते चेन्नई जिल्ह्याच्या नोंदीत गेलं. खाडी जिथल्या तिथं!) पहिल्याच वर्षी नऊ लाखांहून अधिक लॅपटॉप द्यायचं ठरलं होतं आणि त्या लॅपटॉपवर दोन प्रणाली होत्या: विंडोज आणि बॉस. माझ्यासारख्यांनी जीव मुठीत धरून केलेली वाटणी सरकारनं आयती करून दिली. आपल्या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे घडलं याची आपण फारशी नोंदच घेतली नाही, असं मला वाटतं.

अम्मांच्या नातीलाही लॅपटॉप मिळाला. महिन्याभरात ती वर आली. “अंकल, दुकानदार म्हणतो ते दुसरं काढून टाक, सिनेमांना जागा होईल.” मी तिला बॉस सुरू करून दाखवली, मेनू तमिळमध्ये करून दिले. तिनं शांतपणे बघितलं आणि विचारलं, “पण हे कशासाठी दिलंय?” शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. वाटणी झाली होती, पण कुणाचा हिस्सा का, हे मुलांपर्यंत पोचलंच नव्हतं. माझंही उत्तर लांबलं आणि तिला कंटाळा आला.

लॅपटॉप तिचा. मी आधी तिच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, दोनदा तपासल्या, मगच बॉसचा हिस्सा पुसला. परत सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर दोनच शब्द: ‘ग्रब रेस्क्यू’. कारण सुरुवातीच्या त्या 446 बाइटमधला प्रोग्रॅम आपलं उरलेलं अंग बॉसच्या हिश्शात शोधत होता, आणि तो हिस्सा मी नुकताच मोडला होता. विंडोजची सीडी घालून तो प्रोग्रॅम नव्यानं लिहिला तेव्हा यंत्र जागं झालं. तोवर नात रडवेली झाली होती आणि अम्मा कॉफी घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी दारात तिच्या वर्गातल्या तिघी आल्या. तिघींच्या हातात लॅपटॉप, तिघींच्या पडद्यावर तेच दोन शब्द. मी म्हटलं, “आधी पेनड्राइव्ह आणलाय का?”