डब्यांतल्या घांसाची पारख

अन्नाची पारख खाणारा करतो, असा सामान्य नियम आहे. भाजी खारट झाली तर पानावर बसलेला माणूस तें तत्काळ सांगतो. धान्यांत खडे निघाले तर पुढच्या खेपेस दुकान बदललें जातें. विकत मिळणाऱ्या श्वानखाद्याला मात्र हा नियम लागू पडत नाहीं. तें विकत घेणारा तें खात नाहीं, आणि जो खातो त्याला बोलतां येत नाहीं. शिवाय भुकेला कुत्रा निकृष्ट अन्नहि मिटक्या मारीत खातो. त्याच्या आवडीवरून मालाचा कस ठरविणें म्हणजे मुलाच्या हट्टावरून मिठाईचा पौष्टिकपणा ठरविण्यासारखें आहे. म्हणून हें अन्न चांगलें आहे असें म्हणावयाचें कोणीं आणि कशाच्या आधारानें, हा प्रश्न या धंद्याच्या जन्मापासून त्याच्या पाठीशीं लागलेला आहे. त्याला वेळोवेळीं जीं उत्तरें देण्यांत आलीं, त्यांपैकीं एका उत्तरांत मोठी उणीव होती. त्या उणिवेची किंमत कुत्र्यामांजरांनीं तर दिलीच, पण पुढें तान्ह्या मुलांनाहि द्यावी लागली.

जेथें कुत्र्याला घरांतलेंच अन्न मिळे, तेथें हा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. महाराष्ट्रांतील खेडोपाडीं शिळी भाकरी ताकांत कुसकरून दाराबाहेर ठेवली कीं राखणदाराचें जेवण झालें. तें पुरेसें असे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. पण त्यांत काय घातलें आहे हें घरच्या बाईला ठाऊक असे. अन्न परक्या हातांनीं तयार होऊन डब्यांत बंद झालें, तेव्हां विश्वासाचा प्रश्न आला.

ही गोष्ट प्रथम लंडनमध्यें घडली. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ इमारतींवर बसविण्याचे वीज-निवारक गज विकण्यासाठीं १८६० च्या सुमारास तेथें आला होता. खलाशांनीं टाकून दिलेल्या कडक बिस्किटांवर गोदींतील भटके कुत्रे तुटून पडतांना त्यानें पाहिले आणि त्याच्या डोक्यांत नव्या धंद्याची कल्पना आली, अशी कथा सांगतात. ‘मीट फायब्रिन डॉग केक्स’ या नांवानें त्यानें गव्हाचें पीठ, भाज्या, बीट आणि वाळविलेलें मांस यांचीं बिस्किटें बाजारांत आणलीं. मांस कोठून येतें हें गुपित त्यानें शेवटपर्यंत राखलें. हा माल गरिबांसाठीं नव्हता. शिकारी कुत्रे बाळगणारे जमीनदार व हौशी श्रीमंत हे त्याचे गिऱ्हाईक, आणि त्यांची खात्री पटविण्याचें साधन म्हणजे जाहिरात व प्रदर्शन. स्प्रॅटच्या पेढींत उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्टनें १८९१ सालीं लंडनच्या इझ्लिंग्टन भागांत आपल्या नांवाचें पहिलें श्वानप्रदर्शन भरविलें, तें पुढें जगप्रसिद्ध झालें. बक्षीस मिळविणारा कुत्रा अमुक बिस्किटें खातो, एवढा दाखला त्या काळीं पुरेसा मानला जाई. तो कुत्रा उत्तम अवलादीचा आहे, त्याला बिस्किटांखेरीज मांस व दूधहि मिळत असेल, हा विचार ग्राहकाला सुचत नसे. सुचूं नये अशीच जाहिरातीची रचना असे.

१८६० च्या दशकांत जर्मनींतील गटिंगेनजवळच्या वेंडे येथील कृषिप्रयोगशाळेंत हेनेबर्ग आणि श्टोमान हे दोन शास्त्रज्ञ जनावरांच्या चाऱ्याचें पृथक्करण करण्याची एक सोपी पद्धति बसवीत होते. पाणी किती, राख किती, चरबी किती, तंतु किती आणि प्रथिन किती, असे अन्नाचे मोजके भाग पाडावयाचे, ही ती पद्धति. तिच्यांत थोडीफार सुधारणा झाली, तरी श्वानखाद्याच्या पिशवीवर आज जे आंकडे छापलेले असतात ते मूलतः त्याच पद्धतीचे आहेत. प्रथिन मोजण्याचें काम मात्र जिकिरीचें होतें. तें १८८३ सालीं योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञानें सोपें केलें. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेंत होता, आणि त्याला बार्लीच्या दाण्यांतील प्रथिन मोजावयाचें होतें. त्यानें पदार्थ तीव्र गंधकाम्लांत उकळून त्यांतील नत्राचें अमोनियांत रूपांतर केलें आणि तो अमोनिया मोजला. प्रथिनांत सरासरीनें शेंकडा १६ भाग नत्र असतो. तेव्हां नत्राच्या आंकड्याला ६.२५ नें गुणलें कीं प्रथिनाचा अंदाज निघतो. म्हणजे या रीतीनें प्रथिन मोजलें जात नाहीं, नत्र मोजला जातो. प्रथिन हें अनुमान होय. शास्त्रज्ञांनीं प्रामाणिकपणें त्याला ‘कच्चें प्रथिन’ असें नांव दिलें. पण ‘कच्चें’ या विशेषणाचा खरा अर्थ पिशवी विकत घेणाऱ्यापर्यंत कधींच पोंचला नाहीं.

ज्यांच्या घरीं गवळ्याचें दूध येत असे त्यांना ही अडचण चटकन् समजेल. दुधांत लॅक्टोमीटर सोडला म्हणजे तो दुधाची घनता सांगतो, दूध सांगत नाहीं. गवळ्यानें पाणी घातलें तर तो खालीं जातो; पण पाण्याबरोबर साखरहि घातली तर तो पुन्हां वर येतो आणि गवळी निर्दोष ठरतो. ज्या खुणेवरून वस्तु ओळखावयाची ती खूण वस्तूवांचून निर्माण करतां येत असेल, तर ती परीक्षा लबाडापुढें लंगडी पडते.

नत्र असला म्हणजे पोषण होतेंच असें नाहीं, हें वास्तविक स्प्रॅटच्याहि आधीं सिद्ध झालेलें होतें. आणि तें सिद्ध केलें होतें कुत्र्यांनींच. फ्रान्समध्यें फ्रांस्वा माझांदी यानें १८१६ सालीं एका कुत्र्याला केवळ शुद्ध साखर व पाणी यांवर ठेविलें. तो सुमारें महिन्यानें मेला. पुढें पॅरिसच्या इस्पितळांत गोरगरिबांना हाडें उकळून काढलेल्या सरसाचें सूप देण्यांत येऊं लागलें. हें सूप मांसाच्या तोडीचें आहे असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. माझांदीच्या नेतृत्वाखालीं फ्रेंच अकादमीच्या समितीनें अनेक वर्षें प्रयोग करून १८४१ मध्यें निवाडा दिला कीं, नुसत्या सरसावर कुत्रा जगूं शकत नाहीं. सरसांत नत्र भरपूर असतो. केल्डालच्या परीक्षेला बसविला तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील, किंबहुना थोडे जास्तच. म्हणजे माणसाच्या सुपाची पारख कुत्र्यानें करून दिली, आणि कुत्र्याच्या बिस्किटाची पारख करण्याची वेळ आली तेव्हां माणूस हा धडा विसरला. पशुवैद्यांत एक उपहासाचें उदाहरण रूढ आहे: जुने चामडी जोडे, वापरलेलें यंत्रतेल आणि कोळशाची भुकटी पाण्यांत कालवून पृथक्करणाला पाठविली, तर प्रथिन, चरबी व तंतु यांचे अगदीं सभ्य आंकडे परत येतात.

विसाव्या शतकांत धंदा अमेरिकेकडे सरकला. तेथें १९०९ सालीं पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ नांवाची संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, घोडे बेकार झाले, आणि १९२२ मध्यें इलिनॉय संस्थानांतील रॉकफर्ड येथें चॅपेल बंधूंनीं घोड्याचें मांस डब्यांत भरून ‘केन-एल रेशन’ या नांवानें विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धांत पत्र्याची टंचाई झाल्यावर डबे मागें पडले आणि कोरडा माल पुढें आला. पुढें १९५७ मध्यें वाफेच्या दाबाखालीं पीठ फुलवून केलेले दाणे बाजारांत आले. हल्लींचें बहुतेक कोरडें खाद्य याच जातीचें असतें.

वेष्टनावरील मजकूर वाचण्याची कलाहि या अवधींत तयार झाली. तिचीं दोन-तीन कलमें गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. डब्यावर प्रथिन शेंकडा ८ आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर शेंकडा २२ असें लिहिलेलें पाहून डबा निकृष्ट वाटतो. पण डब्यांत शेंकडा ७८ भाग पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ८ भाग प्रथिन, म्हणजे शेंकडा ३६ हून थोडें अधिक झालें. पिशवींत पाणी १० भाग धरलें तर तिचें प्रथिन शेंकडा २४ च्या आसपास राहतें. दुसरें असें कीं, घटकांची यादी शिजविण्यापूर्वींच्या वजनाप्रमाणें लावतात. ताजें मांस पहिल्या क्रमांकावर दिसतें, त्यांत पाण्याचा वांटा मोठा असतो. आणि अमेरिकन नियमांप्रमाणें ‘बीफ’ एवढेंच नांव असेल तर (पाणी सोडून) मालांत तें शेंकडा ९५ लागतें, ‘बीफ डिनर’ म्हटलें तर २५ पुरतें, आणि ‘विथ बीफ’ असें लिहिलें तर ३ वर भागतें. एका लहानशा शब्दाला इतकी किंमत क्वचितच आली असेल!

आंकडे निर्दोष असूनहि अन्न सदोष असूं शकतें, याचा मोठा पुरावा इंग्लंडमध्यें १९४६ सालीं मिळाला. कुत्र्यांना एक विलक्षण रोग होत असे; ते एकाएकीं वेड्यासारखे भुंकत धांवत सुटत आणि झटके येऊन पडत. मुडदूस या रोगाचें कारण कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून शोधणारे सर एडवर्ड मेलनबी यांनीं आतां त्यांना एजीन नांवाच्या वायूनें शुभ्र केलेल्या पिठाचें अन्न दिलें, आणि रोग हुबेहूब उत्पन्न झाला. तेंच पीठ इंग्लंडांतील बहुतेक घरांच्या पावांत होतें. माणसांना त्यापासून अपाय झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. तरी अमेरिकेनें १९४९ सालीं ही रीत बंद केली आणि ब्रिटननें त्यानंतर कांहीं वर्षांनीं.

अशा अनुभवांमुळें प्रत्यक्ष खाऊं घालून पाहण्याची परीक्षा आली. आफ्कोच्या नियमांप्रमाणें प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठीं निदान ८ कुत्रे २६ आठवडे केवळ त्याच अन्नावर ठेवून त्यांचें वजन व रक्त तपासतात. ही परीक्षा पृथक्करणाहून पुष्कळच बरी. परंतु सहा महिन्यांत दिसून न येणारा दोष तिलाहि सांपडत नाहीं. मांजरांच्या बाबतींत तेंच झालें. सर्व मानांकांना उतरलेल्या खाद्यांत टॉरीन हें द्रव्य अपुरें असल्यामुळें मांजरांचें हृदय फुगून तीं मरत होतीं, हें १९८७ सालीं उघडकीस आलें.

आणि मग २००७ चा मार्च महिना उजाडला. १६ तारखेस मेनू फूड्स या कॅनडांतील कंपनीनें सुमारें सहा कोटी डबे व पुड्या परत मागविल्या. कुत्रीं-मांजरें मूत्रपिंड निकामी होऊन मरत होतीं. कंपनीच्या स्वतःच्या चव-चाचणींतील कांहीं प्राणीहि मेले होते. लोकांना आणखी एक धक्का बसला. शंभरच्या आसपास निरनिराळ्या नांवांनीं, कांहीं स्वस्त तर कांहीं अतिशय महाग म्हणून विकला जाणारा माल एकाच कंपनीकडून येत होता. प्रथम उंदराच्या विषाचा संशय घेण्यांत आला. महिन्याच्या अखेरीस खरा अपराधी सांपडला: चीनमधून आलेल्या, गव्हाचें ग्लूटेन म्हणून विकलेल्या भुकटींत मेलॅमिन होतें. मेलॅमिन म्हणजे ज्याच्या न फुटणाऱ्या थाळ्या व वाट्या घरोघर असतात, त्या प्लॅस्टिकचें मूळ द्रव्य. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नत्रच असतो. केल्डालच्या रीतीनें मोजलें तर १०० ग्रॅम मेलॅमिनमध्यें ४१६ ग्रॅम प्रथिन आहे असा हिशेब निघतो! हलक्या पिठांत चिमूटभर मिसळलें कीं तें कागदावर उत्तम ग्लूटेन ठरे. बरोबर असलेल्या सायन्यूरिक अम्लाशीं त्याचा संयोग होऊन मूत्रपिंडांत न विरघळणारे स्फटिक बनत.

त्या वेळीं हा प्रश्न पाळीव जनावरांचा आहे असें समजून पुष्कळांनीं सुस्कारा टाकला. दीड वर्षहि लोटलें नाहीं तोंच, २००८ च्या सप्टेंबरांत, चीनमध्यें तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत तेंच मेलॅमिन सांपडलें. पाणी घातलेल्या दुधाचा नत्र भरून काढण्याची ती युक्ति होती. सुमारें तीन लाख मुलें आजारी पडलीं. सरकारी हिशेबाप्रमाणें सहा दगावलीं. या प्रकरणांत दोन माणसांना २००९ सालीं मृत्युदंड देण्यांत आला. भारतानें सप्टेंबर २००८ मध्येंच चिनी दुधाची आयात बंद केली. आपल्याकडेहि दुधांत युरिया मिसळणारे पकडले जातात. युरियांतहि नत्रच असतो, आणि लबाडीची जात एकच आहे.

२०१० सालीं अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगानें मेलॅमिनची मर्यादा ठरविली: तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत किलोमागें १ मिलिग्रॅम, इतर अन्नांत व जनावरांच्या खाद्यांत २.५ मिलिग्रॅम. अमेरिकेंत जानेवारी २०११ मध्यें अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला, आणि जनावरांचें खाद्य बनविणाऱ्यांनाहि धोके आधींच हेरून ठेवण्याची जबाबदारी आली. मेलॅमिन हुडकणारीं यंत्रें आतां आहेत. पण जें द्रव्य शोधावयाचें तें आधीं कोणाच्या तरी मनांत यावें लागतें. पिशवीच्या पाठीवर अजूनहि ‘कच्चें प्रथिन, किमान शेंकडा इतकें’ असेंच छापतात, आणि तो आंकडा नत्रावरूनच काढतात.