तळटीप : बंद मध्य आणि सी८ वरचा उंट
† ‘मध्य बंद झाला’ : किंग्ज इंडियन बचावात पांढऱ्याने आठव्या खेळीला डी५ केले, की त्याची सी४, डी५, ई४ आणि काळ्याची डी६, ई५ ही प्यादी एकमेकांत अडकतात. मधून वाटच उरत नाही, म्हणून काळा आपल्याच राजापुढची प्यादी निर्धास्तपणे पुढे काढतो : एफ५, एफ४, मग जी५. पांढरा सी५ करून वजिराची बाजू उघडतो. त्याचा हल्ला बहुधा आधी पोचतो, पण काळ्याचा रोख थेट राजावर असतो. १९५३ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे ग्लिगोरिचने नायडॉर्फविरुद्ध हत्ती एफ७ वर आणि उंट एफ८ वर नेला. या देखण्या मांडणीत डी६ चे प्यादेही राखले जाते आणि जी-पट्टीही हत्तीसाठी मोकळी होते. मग जी३ वर प्यादे बळी देऊन त्याने डाव जिंकला. रचनेला नाव त्या गावाचेच पडले. वाचकाने सी८ वरच्या उंटावर मात्र डोळा ठेवावा. न हललेला हा उंट निरुपयोगी वाटतो, पण एच३ वर बलिदान द्यायचे ते त्यानेच. तो गेला तर काळ्याच्या हल्ल्यातला जोर ओसरतो, आणि म्हणूनच पांढऱ्याचा घोडा बी५ मार्गे त्याच्या मागावर निघतो.